ओझोन, कासाडी आणि शेवटचा हात

तळोज्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला वाऱ्याची दिशा कळायला हवामान खातं लागत नाही. नाक पुरतं. रात्री खिडकी उघडी ठेवायची की लावून घ्यायची हे इथे डासांपेक्षा वासावर ठरतं. आणि गंमत बघा, आज ज्या वायूबद्दल लिहायचं मनात आहे, त्याचं नावच मुळी वासावरून पडलंय. ओझोन. ग्रीक भाषेत 'ओझेन' म्हणजे वास येणे.

पोटापाण्यासाठी मी बरीच वर्षं तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काढली (कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि या गोष्टीला त्याची गरजही नाही). 'पोटापाण्यासाठी' हा शब्द इतक्या शब्दशः लागू पडणारी नोकरी दुसरी नसेल. त्यामुळे कासाडी नदी (कुणी तिला कासर्डीही म्हणतात) फेसाळली, काळी पडली, मासे मेले, की ओळखीपाळखीची माणसं मला गाठतात. पूर्वी विचारायचे, "हे असं का होतं हो?" अलीकडे प्रश्न बदललाय. "आता ते ओझोन निघालंय ना? मग ते का नाही सोडत त्यात?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख. जरा लांबण लागेल, कारण सुरुवात १८३९ सालापासून करावी लागणार आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी ख्रिस्टियान फ्रीडरिश श्योनबाइन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पाण्यातून वीज सोडून त्याचं विघटन करण्याचे प्रयोग चालू असताना त्यांना एक वेगळाच वास जाणवला. वीज पडल्यावर येतो तसा. हा वास त्यांच्या आधीही लोकांना येत होता, पण हा विजेचा वास, म्हणून सगळे सोडून देत होते. श्योनबाइन यांनी ठरवलं की वास आहे म्हणजे पदार्थ आहे. १८४० मध्ये त्यांनी त्याला नाव देऊन टाकलं. तो पदार्थ म्हणजे ऑक्सिजनचंच एक रूप, दोनऐवजी तीन अणूंचं, हे नक्की व्हायला पुढे पंचवीसेक वर्षं गेली.

तिसरा अणू हा सगळ्या कथेचा नायक आहे, आणि खलनायकही. तो तिथे सुखाने राहत नाही. समोर जे सापडेल त्याला चिकटायला धावतो. जंतूचं कवच सापडलं तर ते फोडतो, रंगाचा रेणू सापडला तर तो तोडतो, माणसाचं फुप्फुस सापडलं तर तेही सोडत नाही. काहीच सापडलं नाही तर थोड्या वेळात आपोआप साधा ऑक्सिजन होऊन बसतो. त्यामुळे ओझोन बाटलीत भरून, ट्रकवर लादून गावोगाव पाठवता येत नाही. जिथे लागेल तिथे, लागेल तेव्हा, ताजा करावा लागतो. भाकरीसारखा.

ही भाकरी भाजायचा तवा केला वेर्नर फॉन सीमेन्स यांनी, १८५७ मध्ये. एकात एक बसवलेल्या दोन काचेच्या नळ्या, मधे बारीक फट, फटीतून वाहणारी हवा, आणि दोन्ही बाजूंनी विजेचा मोठा दाब. ठिणगी पडत नाही, नुसती जांभळट प्रभा दिसते, आणि त्या प्रभेत ऑक्सिजनचा थोडा भाग ओझोन होतो. आजची मोठमोठी स्टीलची यंत्रं आतून याच कल्पनेवर चालतात. पावणेदोनशे वर्षांत मूळ युक्ती बदललेली नाही, आणि तिचा मूळ दोषही. शास्त्राच्या हिशोबाने एक किलो ओझोन व्हायला एका युनिटपेक्षाही कमी वीज पुरायला हवी. प्रत्यक्षात शुद्ध ऑक्सिजन वापरूनसुद्धा दहाएक युनिट लागतात. म्हणजे नऊ दशांशाहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन जाते, आणि ती उष्णता घालवायला पुन्हा थंड पाणी फिरवावं लागतं. साधी हवा वापरायची तर ती आधी खडखडीत कोरडी करावी लागते, कारण दमटपणाने ओझोन घटतो आणि यंत्रात नायट्रिक आम्ल तयार होतं. आता तळोज्याचा जुलै डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

पाणी शुद्ध करायला ओझोन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो नेदरलँड्समध्ये, आउट्सहोर्न इथे, १८९३ साली. ऱ्हाइन नदीचं पाणी आधी निवळवून, गाळून, मग त्यात ओझोन सोडत. हा क्रम लक्षात ठेवा. आधी निवळवणं, मग गाळणं, मग ओझोन. पुढे १९०६ च्या सुमारास फ्रान्सच्या नीस शहरात कायमचा प्रकल्प उभा राहिला, आणि म्हणून नीसला या तंत्राचं माहेर मानतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत युरोपात असं वाटत होतं की पाण्याचं भविष्य ओझोनच्याच हातात आहे.

आपल्याकडे त्या काळात काय चाललं होतं? पटकीच्या साथी. आणि त्यावर उपाय म्हणून विहिरींत पोटॅशियम परमँगनेट. आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतले अर्नेस्ट हँकिन यांनी १८९० च्या दशकात हा उपाय पुढे आणला. विहिरीचं पाणी गुलाबी करून सोडायचं, आणि रंग गेला की प्यायचं. परमँगनेट आणि ओझोन हे गुणाने भाऊच, दोघेही समोरच्याला ऑक्सिजन देऊन जाळणारे. एक पुडीत मिळतो आणि दुसरा विजेतून काढावा लागतो, एवढाच फरक. विजेचा खांब न पाहिलेल्या गावाला कुठला भाऊ परवडणार हे सांगायला नको.

मग तिसरा भाऊ आला, क्लोरीन. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने १९०८ मध्ये सगळ्या शहराच्या पाण्यात क्लोरीनची पावडर नियमित घालायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या आसपास क्लोरीन वायू द्रवरूपात सिलिंडरमधून मिळू लागला आणि सामना तिथेच संपला. क्लोरीन स्वस्त. क्लोरीन साठवता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लोरीन पाण्यात टिकतो. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी मैलोन्मैल नळांतून जाताना वाटेत जंतू शिरले, तर उरलेला क्लोरीन त्यांचा समाचार घेतो. ओझोन तोवर कधीच विरून गेलेला असतो. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे पाणी दिवसातून तासभर येतं आणि उरलेला वेळ रिकामा पाइप शेजारच्या गटाराचं पाणी ओढत बसतो, तिथे हा टिकाऊपणा म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. म्हणून ग्रामपंचायतीच्या कपाटात टीसीएल पावडर असते, घरात मेडिक्लोरची बाटली असते, आणि मुंबईचं पाणी भांडुपहून निघतं ते क्लोरीनचा हात फिरवूनच.

ओझोन हरला, पण संपला नाही. १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या योहानेस रोक यांनी दाखवून दिलं की पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अंशांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात. म्हणजे जंतू मारणारा हात स्वतःही थोडं विष मागे ठेवत होता. मग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळाच्या पाण्यातून घराघरांत शिरला आणि सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. या प्राण्याचं कवच क्लोरीनला दाद देत नाही, ओझोनला देतं. मिल्वॉकीने पुढे ओझोनची यंत्रणा बसवली.

आपल्या हाती ओझोन आला तो मात्र नळातून नाही, बाटलीतून. १९६५ मध्ये ठाण्याला बिसलेरीचा कारखाना निघाला तेव्हा पाणी विकत घेणारा माणूस वेडा वाटायचा म्हणे. आता लग्नाच्या पंगतीत पेल्याजागी बाटली असते आणि तिच्या लेबलावर बारीक अक्षरांत ओझोनचा उल्लेख असतो. बाटलीबंद पाण्याला ओझोन अगदी सोयीचा. जंतू मारतो, विरून जातो, चव मागे ठेवत नाही. फक्त पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्याचा ब्रोमेट होतो, आणि ब्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटल्या तपासल्या तेव्हा काहींत ब्रोमेट या मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. तात्पर्य, ओझोनच्या मागेही सावली आहे. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड भरपूर असतं, हे खाडीकाठच्या आपण लोकांनी विशेष लक्षात ठेवायला हवं.

असो. आता तळोज्याला येऊ.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १९६२ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झाली. मुंबईच्या गर्दीतून कारखाने बाहेर न्यायचे, त्यांना जमीन, रस्ता, वीज, पाणी द्यायचं, अशी कल्पना. पनवेल तालुक्यातली भाताची शेतं आणि खाजणं त्यात आली आणि तळोज्याची वसाहत उभी राहिली. रसायनं, रंग, औषधं, धातू, मासे गोठवणं, सगळं एकाशेजारी एक. पाणी देण्याचा विचार जेवढा नीट झाला तेवढा ते पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे याचा झाला नाही. जाणार कुठे? उताराला. उताराला होती कासाडी, आणि कासाडीच्या पुढे पनवेलची खाडी.

कायदा नव्हता असं म्हणू नका. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता, केंद्राचा कायदा व्हायच्या पाच वर्षं आधी. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० च्या सप्टेंबरमध्ये आलं. लहान कारखान्यांना स्वतःचं प्रक्रिया केंद्र परवडत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून एक केंद्र काढावं आणि सरकारने त्याला पैसे द्यावेत, अशी केंद्राची योजना १९९१ मध्ये आली. त्यातून देशभर सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. कारखानदारांच्या सहकारी संस्थेचं तळोज्याचं केंद्र त्यातलंच. क्षमता दिवसाला २२.५ दशलक्ष लिटर.

साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या काढणाऱ्या महाराष्ट्राने सांडपाण्यातही सहकार आणला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. पण इथे एक मेख आहे. दूध संघात जो चांगलं दूध घालतो त्याला जास्त पैसे मिळतात. सांडपाण्याच्या सहकारात जो जास्त घाण पाठवतो त्याचा फायदा, आणि त्याची घाण सगळ्यांच्या पाण्यात मिसळली की कुणाची किती हे ओळखणं अवघड. आणि जो केंद्राकडे काही पाठवतच नाही, पावसाळी रात्री परस्पर नाल्यात सोडतो, त्याचा सगळ्यात जास्त फायदा.

परिणाम नाक आणि डोळे असलेल्या प्रत्येकाने पाहिलेत. नावड्यापासून खाडीपर्यंतच्या गावांतल्या आगरी-कोळी म्हाताऱ्यांना बोलतं केलं तर ते जिताड्याच्या आणि चिंबोऱ्यांच्या गोष्टी सांगतात, आणि सगळ्या गोष्टी भूतकाळातल्या असतात. ही माणसं वर्षानुवर्षं तक्रारी करत होती. जगाचं लक्ष गेलं ते २०१७ च्या ऑगस्टमध्ये, तळोज्यात निळी कुत्री दिसली तेव्हा. एका कारखान्याचा रंग अंगाला लागलेली भटकी कुत्री रस्त्यावर फिरत होती. फोटो जगभर छापून आले, आणि प्रदूषण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. त्याच सुमारास नवी मुंबई महापालिकेच्या प्रयोगशाळेत कासाडीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ८० मिलिग्रॅम निघाल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालासुद्धा कायद्याने ३० ची मर्यादा आहे. म्हणजे नदी ही सांडपाण्याच्या नियमातही बसत नव्हती! पण बीओडीचा फोटो काढता येत नाही. निळ्या कुत्र्याचा येतो.

मच्छीमारांच्या बाजूने अरविंद म्हात्रे यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, लवादाने कान उपटले, दंडाच्या रकमा भरायला लावल्या, आणि सामायिक केंद्राचा कारभार एमआयडीसीकडे आला. हे सगळं एका वाक्यात लिहिलंय, पण त्यामागे किती खेटे आहेत याची कल्पना ज्याने कधी सरकारी दार ठोठावलंय त्याला येईल.

आता मूळ प्रश्नाकडे. ओझोन का नाही सोडत?

प्रयोगशाळेत मी हे अनेकदा करून पाहिलंय. रंगाच्या कारखान्याचं गडद लाल पाणी एका उंच काचेच्या नळीत घ्यायचं आणि तळातून ओझोनचे बुडबुडे सोडायचे. पाच-दहा मिनिटांत लालाचा नारिंगी होतो, नारिंगीचा पिवळा, पिवळ्याचा जवळजवळ पाण्यासारखा. पाहणारा हरखून जातो. भेटीला आलेल्या साहेबलोकांना दाखवायला यापेक्षा चांगला प्रयोग नाही. कापडाच्या बहुतेक रंगांत नायट्रोजनच्या दोन अणूंचा एक जोड असतो, आणि रंग दिसतो तो त्याच्यामुळे. ओझोन नेमका त्या जोडावर घाव घालतो. जोड तुटला की रंग गेला.

पण मग तेच निवळ दिसणारं पाणी घेऊन सीओडी काढायचा. सीओडी म्हणजे पाण्यातलं जळण्याजोगं सगळं जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजमाप. तो आकडा थोडासाच उतरलेला असतो. कारण रंगाचा मोठा रेणू तुटून त्याचे लहान तुकडे झाले, पण तुकडे पाण्यातच आहेत. कधी ते तुकडे मूळ रंगापेक्षा निरुपद्रवी असतात, कधी जास्त त्रासदायक. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे दिसतच नाहीत.

माझी सगळी धास्ती इथे आहे. ओझोन जे डोळ्यांना दिसतं ते सगळ्यात आधी घालवतो. आणि आपली सगळी व्यवस्था, आपण लोक, वर्तमानपत्रं, अधिकारी, जे दिसतं त्यावरच चालते. निळी कुत्री दिसली म्हणून जाग आली. समजा त्या रंगावरून ओझोनचा हात फिरवून पाणी नाल्यात सोडलं असतं, तर कुत्री पांढरीच राहिली असती, आणि बाकीची रसायनं तशीच खाडीत गेली असती. कासाडीचा रंग म्हणजे तिचा आरडाओरडा आहे. आजारी माणसाचं कण्हणं थांबवणं आणि आजार बरा करणं यांत फरक असतो.

बरं, मग रंगापुरतं न थांबता ओझोननेच सगळा सीओडी खाली आणला तर? आणता येतो. एक ढोबळ हिशोब करू. २२.५ दशलक्ष लिटर पाण्यातून लिटरमागे फक्त १०० मिलिग्रॅम सीओडी काढायचा म्हटला तर दिवसाला २,२५० किलो झाला. एक किलो सीओडीला कमीत कमी दोन किलो ओझोन धरा (बऱ्याचदा जास्तच लागतो). म्हणजे साडेचार हजार किलो ओझोन. किलोला दहा युनिट, म्हणजे रोज ४५,००० युनिट. ऑक्सिजन तयार करायची वीज वेगळी. साध्या घराला दिवसाला सहा युनिट धरली तर ही साडेसात हजार घरांची वीज झाली. एवढं बिल रोज कोण भरणार? आणि भरायचं नसेल तर यंत्र रात्री बंद ठेवायचा मोह कुणाला आवरणार?

हेच काम फुकटाच्या भावात करणारा कामगार आपल्याकडे आधीच आहे. जिवाणू. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की सांडपाण्यात हवा सोडत राहिलं आणि तळाचा गाळ फेकून न देता परत परत वापरला, तर त्या गाळातले जिवाणू घाण खाऊन पाणी साफ करतात. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत प्राध्यापक म्हणून आले, म्हणजे ही विद्या आपल्या देशात शंभर वर्षांहून जुनी आहे. एक किलो घाण खाऊ घालायला हवा पुरवायची तर वीज लागते एखाद-दोन युनिट. ओझोनला वीस. फक्त या जिवाणूंच्या अटी आहेत. त्यांना एकदम आम्ल नको, एकदम मीठ नको, विष तर नकोच. एका रात्री कुणी टँकर उलटा केला की सगळी टाकी मरते आणि पुन्हा जिवंत व्हायला आठवडे घेते. म्हणजे गाडी पुन्हा माणसांच्या वागण्यापाशी येऊन थांबते.

याचा अर्थ ओझोन कुचकामी आहे असा नाही. उलट, नळाच्या पाण्यात जो त्याचा दोष होता तोच सांडपाण्यात गुण ठरतो. क्लोरीन टिकतो, म्हणून नदीत सोडलेल्या पाण्यातही टिकतो आणि माशांना मारतो. ओझोन विरून जातो आणि जाता जाता पाण्यात ऑक्सिजन ठेवून जातो. नीट प्रक्रिया झालेल्या घरगुती सांडपाण्यातले जंतू मारायला लिटरला दहाएक मिलिग्रॅम ओझोन पुरतो. तेवढ्याच २२.५ दशलक्ष लिटरला दिवसाचे सव्वादोन हजार युनिट झाले, वरच्या हिशोबाच्या एक वीसांश. नवी घरं कासाडीच्या दोन्ही अंगांना उभी राहतायत, त्यांचं सांडपाणी वाढणारच आहे. तिथे या विचाराला जागा आहे. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत असे बरेच प्रकल्प झाले. पुढे देखभालीला कंटाळून त्यातले कित्येक अतिनील किरणांकडे वळले, हेही सांगून ठेवतो.

आणि एक काम असं आहे की जे जिवाणूंना जमत नाही आणि ओझोनला जमतं. औषधांचे अंश. आपण खातो त्या गोळ्यांचा बराच भाग शरीरातून बाहेर पडतो आणि साध्या प्रक्रियेतून तसाच निसटतो. श्योनबाइन यांच्याच स्वित्झर्लंडने यात पुढाकार घेतला. झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फ इथल्या केंद्रात २०१४ पासून सांडपाण्यावर शेवटी ओझोन आणि त्यानंतर वाळूचा थर अशी पद्धत सुरू झाली. २०१६ पासून कायदाच आला, निवडक केंद्रांनी हे अंश ८० टक्के काढलेच पाहिजेत, आणि खर्चासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात आणखी पुढचं पाऊल टाकलं, की या जादा खर्चाचा किमान ८० टक्के भाग औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांनी द्यावा. कंपन्या भांडतायत, ते चालायचंच.

आपल्याकडे काय? हैदराबादजवळ पटानचेरूच्या सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या पाण्यात जगणारा प्रत्येक जंतू औषधाला सरावलेला असणार, आणि उद्या तो आपल्याच दवाखान्यात भेटणार. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्यातून ती मर्यादा गळाली. तळोज्यातही औषधांचे कारखाने आहेत. ज्या गोष्टीचं मोजमापच बंधनकारक नाही ती काढायला ओझोनवर खर्च कोण करील?

तर माझं उत्तर असं. घर रंगवताना शेवटचा हात मारणाऱ्या रंगाऱ्याचं सगळे कौतुक करतात. पण खाली भिंत ओली असेल, गिलावा सुटत असेल, तर तो शेवटचा हात दोन महिन्यांत पोपडे धरतो. ओझोन हा शेवटचा हात आहे. आउट्सहोर्नला १८९३ मध्येही तो शेवटचाच होता, ड्यूबेनडॉर्फला २०१४ मध्येही. त्याआधी कारखान्याने आपल्या दारात आपली घाण काढलेली असली पाहिजे, उरलेलं पाणी केंद्रापर्यंत पोचलं पाहिजे, जिवाणू जिवंत असले पाहिजेत, गाळणी चालू असली पाहिजे. एवढं सगळं झाल्यावर ओझोन सोन्यासारखं काम करतो. नाहीतर ते गटारावर शिंपडलेलं महागडं अत्तर.

आणि जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही त्याला जगातलं कुठलंच यंत्र शुद्ध करू शकत नाही. हे वाक्य इतकं साधं आहे की कुठल्याही बैठकीत ते बोलायला माणसाला लाज वाटते. म्हणून मग यंत्रांवर चर्चा होते.

परवा नावड्याच्या एका म्हाताऱ्या कोळी मामांना हे सगळं सांगत होतो. सीमेन्सची नळी, रंगाचा जोड, सीओडी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं पाणी निवळ झालं की नाही ते बाटलीत नका बघू. निवटे परत आले का ते बघा." निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारे ते लहान मासे. कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा ही चाचणी कडक आहे, आणि तिचा अहवाल कुणाला बदलता येत नाही.